अठ्ठावीस हजारांची सायकल आणि चांदणी चौकाचा चढ

पत्र असं आहे:

"मी ४४ वर्षांची. बावधनला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. नोकरी खराडीत. घरापासून वनाज स्टेशन चार किलोमीटर, तिथून मेट्रोने रामवाडी, आणि रामवाडीहून ऑफिस आणखी सहा किलोमीटर. मेट्रोचा प्रवास छान होतो, पण दोन्ही टोकांना कधी शेअर रिक्षा, कधी बस, कधी एकटीची रिक्षा करावी लागते. दिवसाला सरासरी दोनशे रुपये जातात आणि वाट बघण्यात तास जातो तो वेगळाच. घडी घालून मेट्रोत नेता येईल अशी इलेक्ट्रिक सायकल घ्यावी असं मनात आहे. पस्तीस हजार बाजूला ठेवलेत. ऑनलाइन एक सायकल अठ्ठावीस हजारांना दिसतेय: ५०० वॉटची मोटर, एका चार्जमध्ये ६० किलोमीटर, 'लायसन्सची गरज नाही'. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा सेकंडहँड स्कूटर घे. आणि एक मनातलं विचारते, या वयात ओढणी सावरत सायकलवर जाणं बरं दिसेल का? लहानपणी चालवायची, त्याला वीस वर्षं झाली."

ताई,

घडीची इलेक्ट्रिक सायकल घ्या, पण ही नको. का नको ते सविस्तर सांगते, कारण अशी जाहिरात तुम्हाला आणखी दहा ठिकाणी दिसणार आहे.

आपल्याकडच्या नियमानुसार मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नको, लायसन्स नको, विमा नको. ही सवलत त्या मर्यादेपुरतीच आहे. तुम्हाला दिसलेल्या सायकलवर ५०० वॉट लिहिलंय. ते खरं असेल, तर ती मोटार वाहनात मोडते आणि नोंदणीशिवाय रस्त्यावर आणणं बेकायदा आहे. उद्या कुणाला धक्का लागला तर तुमच्या बाजूने एकही कागद नसेल. आणि ५०० हा आकडा नुसता दाखवायला लिहिलेला असेल, तर त्याच पानावरच्या ६० किलोमीटरवर तरी विश्वास कशाला ठेवायचा? विकणाऱ्याला एवढंच विचारा, 'या मॉडेलचं चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का?' अशी प्रमाणपत्रं देणारी एक मोठी संस्था, एआरएआय, तुमच्याच बाजूला वेताळ टेकडीवर आहे. चांगली कंपनी हे प्रमाणपत्र आढेवेढे न घेता दाखवते.

आता ते ६० किलोमीटर. बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार केला की बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-अवरमध्ये कळतं. स्वस्त सायकलींत बहुतेक वेळा ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे साधारण २८० वॉट-अवर. पुण्याच्या रस्त्यावर, सिग्नलला थांबत, चढउतार करत, थोडं पायडल मारत गेलात तर किलोमीटरला पंधरा वॉट-अवर धरा. २८० भागिले १५, साधारण एकोणीस किलोमीटर. पायडल न मारता नुसता थ्रॉटल पिळत गेलात तर त्याहून कमी. तुमचं रोजचं सायकलवरचं अंतर चार अधिक सहा, जाऊन-येऊन वीस. म्हणजे संध्याकाळी वनाजहून घरी परतताना नेमकी चांदणी चौकाच्या चढावर बॅटरी संपणार, दिवसभराचं काम करून तुम्ही दमलेल्या असताना.

म्हणून तुम्हाला ३६ व्होल्टची, निदान दहा अँपिअर-अवरची बॅटरी हवी. तीनशे साठ वॉट-अवर, म्हणजे नवी असताना चोवीस किलोमीटर. दोन-तीन वर्षांनी तिची क्षमता ऐंशी टक्क्यांवर आली की तिच्यात एकोणीसच उरतील, हेही आत्ताच धरून चला. ऑफिसमध्ये टेबलाखाली चार्जर लावायची परवानगी मिळाली तर हा सगळा प्रश्न मिटतो. खरेदीच्या आधी तेवढं विचारून घ्या. पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते, त्यामुळे ऑफिसवाल्यांनी नाही म्हणायचं कारण नाही.

पण माझ्या दृष्टीने या सगळ्यात मोठी गोष्ट वजन आहे, आणि जाहिरातीत ते सगळ्यात बारीक अक्षरांत असतं. साधी घडीची सायकल बारा ते पंधरा किलोची. मोटर आणि बॅटरी लागली की ती अठरा ते चोवीस किलोंवर जाते. स्वयंपाकघरातल्या रिकाम्या गॅस सिलिंडरचं वजन त्याच्या कड्यावर कोरलेलं असतं, साधारण पंधरा-सोळा किलो. ते उचलून एक जिना चढून बघा. तुमची सायकल त्याहून जड असेल, शिवाय तिला पायडल, हँडल, चेन असं काहीतरी सगळीकडून बाहेर आलेलं असेल. माझी पहिली घडीची ई-सायकल तेवीस किलोची होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी ती मोजून अकरा दिवस उचलली. बाराव्या दिवशी कंबरेने सांगितलं, आता पुरे.

तिसऱ्या मजल्यावर सायकल न्यायचा विचार आत्ताच सोडून द्या. ती खाली जिन्याखाली राहील. घडी घातलेली वीस इंची सायकल साधारण एका मोठ्या सुटकेसएवढी जागा घेते, त्यामुळे सोसायटीतल्या कुणाची तक्रार यायला नको. चेअरमनना मात्र आधी सांगा. भिंतीत एक लोखंडी कडी ठोकून घ्या आणि हजार-दीड हजारांचं चांगलं कुलूप लावा. वर न्यायची ती फक्त बॅटरी, दोन-अडीच किलोची. म्हणून बॅटरी किल्लीने सुटी निघते का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काही मॉडेलमध्ये ती मधल्या दांड्याच्या आत असते आणि सायकल अर्धी दुमडल्यावरच बाहेर ओढता येते. तुम्ही रोज घडी घालणारच आहात, त्यामुळे तुम्हाला तेही चालेल.

मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, म्हणजे सायकल उचलावी लागेल ती गाडीत शिरताना आणि सुरक्षा तपासणीच्या वेळी. तेवढ्यासाठी वीस किलो ही वरची मर्यादा ठेवा. घडी घातल्यावर ढकलत नेता येते का, हेही दुकानात करून बघा. काही सायकलींना घडीच्या खाली छोटी चाकं असतात, ती स्टेशनच्या फरशीवर फार कामाला येतात. सायकल घेण्याआधी एकदा वनाज स्टेशनच्या ग्राहक सेवा कक्षात जा आणि घडी घातलेल्या सायकलची लांबी-रुंदी-उंची, वजन आणि बॅटरीचे आकडे कागदावर लिहून नेऊन दाखवा. समोरच्या माणसाला आकडे दिसले की उत्तर नीट मिळतं. 'सायकल चालेल का' एवढंच विचारलं तर तो साध्या सायकलीचं उत्तर देईल. आणि गाड्या तीन डब्यांच्या आहेत. सकाळी साडेनऊच्या गर्दीत डेक्कनला दारातून लोंढा आत येतो तेव्हा घडी घातलेली सायकलही लोकांच्या पायात येते. तुम्हाला वनाजला पहिल्याच स्टेशनवर बसायला मिळतं, ही तुमची मोठी सोय आहे. डब्याच्या टोकाची जागा धरा, सायकलवर एक कापडी खोळ घाला म्हणजे चेनचं ग्रीस कुणाच्या पँटला लागणार नाही, आणि जमलं तर अर्धा तास लवकर निघा.

तुमचा रस्ता मी डोळ्यांसमोर आणतेय. सकाळी बावधनहून चांदणी चौक आणि तिथून खाली वनाज, म्हणजे उतार. उतारावर मोटरची गरजच नाही, गरज ब्रेकची. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेत. पावसात रिमवर घासणारे रबरी ब्रेक ओल्या रिमवर पकड घेईपर्यंत सायकल दोन-चार मीटर पुढे गेलेली असते, आणि पौड रोडवर पुढच्या बसचा मागचा भाग तेवढ्याच अंतरावर असतो. ब्रेकचा दांडा ओढल्याबरोबर मोटर बंद पडते का, तेही चालवून बघा. चांगल्या सायकलीत ही सोय असते.

चांदणी चौकाबद्दल वेगळं सांगते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा पूल सुरू झाल्यापासून तिथे इतके रॅम्प झालेत की गाडीवालेही चुकतात, आणि सायकलवर चुकून हायवेला लागलात तर परत फिरायला जागा नसते. एका रविवारी सकाळी चालत जाऊन तुमचा रॅम्प पक्का करा. जिथे भीती वाटेल तिथे उतरून कडेने ढकलत न्या, त्यात कमीपणा काही नाही. रामवाडीनंतर नगर रोडने सरळ जाऊ नका. वडगाव शेरीच्या आतल्या रस्त्यांनी खराडीकडे जा. दहा मिनिटं जास्त लागतील, पण डंपर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या शेजारून जावं लागणार नाही.

संध्याकाळचा चढ मात्र तुमची खरी परीक्षा. तुम्ही, सायकल आणि पिशवी मिळून नव्वद किलो धरा. एवढं वजन त्या चढावरून ताशी दहा-बाराच्या वेगाने न्यायला २५० वॉटची मोटर पुरते, पण तुम्ही हलकं पायडल मारत राहिलात तर. नुसत्या थ्रॉटलवर वेग पडत जातो, मोटर तापते आणि बॅटरी भराभर उतरते. म्हणून सायकलला गिअर हवेत, निदान सहा किंवा सात. चढ सुरू होण्याआधी हलका गिअर टाका, चढावर दमून मग टाकला तर चेन करकरते. घरी पोचल्यावर बॅटरी गरम असते. अर्धा तास तशीच राहू द्या, मग चार्जिंगला लावा. जागे असताना चार्ज करा, रात्रभर नाही, आणि दाराच्या वाटेत तर अजिबात नाही. ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो, तो आकडा त्याच्या लेबलवर वाचता येतो. मूळ चार्जर बिघडला म्हणून दुसऱ्या कुणाचा ४८ व्होल्टच्या बॅटरीचा लावून बघायचा प्रयोग कधीही करू नका. स्वस्त लिथियम बॅटरी आणि चुकीचा चार्जर एकत्र आले की आग लागते, आणि तुमच्या घरातून खाली उतरायला एकच जिना आहे.

चाकं वीस इंचांचीच घ्या. सोळा इंचांची सायकल घडी घातल्यावर गोंडस दिसते, पण आपल्या खड्ड्यांत लहान चाक पूर्ण आत जातं आणि हिसका थेट मनगटाला बसतो. टायर पावणेदोन ते दोन इंच रुंद हवा. टायरच्या कडेला ४०६ हा आकडा आहे का पाहा. लहान मुलांच्या वीस इंची सायकलींचं माप तेच असतं, त्यामुळे ट्यूब कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते. त्याच वीस इंचांत ४५१ असंही एक माप येतं, त्याची ट्यूब शोधत हिंडावं लागतं. मागच्या चाकात मोटर असेल तर ते चाक साध्या पान्याने पटकन निघत नाही. वायरचा जोड सोडवावा लागतो, मोठे नट आणि आतले वॉशर त्याच क्रमाने परत बसवावे लागतात. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्याला हात लावायला कचरतो. त्याच्यासमोर एकदा दुकानदाराकडून करून घ्या, किंवा चाक न काढता ट्यूब बाहेर ओढून पंक्चर काढायला सांगा, ते बहुतेक सगळ्यांना येतं.

घडीची बिजागरी दुकानात हाताने तपासा. सायकल उघडून पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. मधल्या जोडात किंवा हँडलच्या खालच्या जोडात टकटक जाणवली तर ती सायकल तिथेच सोडा. हँडलचा जोड जास्त महत्त्वाचा, तो निसटला तर सावरायला वेळच मिळत नाही. आणि घडी तुम्ही स्वतः पाच वेळा घाला, विक्रेत्याला घालू देऊ नका. त्याचा हात बसलेला असतो. पाचव्या वेळी तुम्हाला मिनिटाच्या आत जमत असेल तर ठीक.

पावसाचं थोडक्यात सांगते. रिमझिमीत चालवायला हरकत नाही, साचलेल्या पाण्यातून नाही. चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत पाणी आलं असेल तर उतरा आणि दुसरी वाट धरा. दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड लावा. पाइपने किंवा प्रेशरने सायकल कधी धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर सायकल बंद ठेवणार असाल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा. माझी एक बॅटरी मी पूर्ण उतरलेली तशीच कपाटात ठेवली होती. गणपतीत काढली तेव्हा ती चार्जच होईना.

आता पैशांचं. तुम्हाला हवी ती सायकल, म्हणजे वीस किलोच्या आत, दहा अँपिअर-अवरची, डिस्क ब्रेकची, आणि जिचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे अशी, पस्तीस हजारांत मिळणं कठीण आहे. पुण्याचीच ईमोटोराड कंपनी घडीची ई-सायकल बनवते, डूडल नावाची, पण ती जाड टायरची आणि वजनदार आहे. मेट्रोत रोज चढवायला मी तुम्हाला ती सुचवणार नाही. तुमचं बजेट पन्नास हजारांच्या आसपास न्यावं लागेल. हे सांगताना मला संकोच वाटतोय, कारण पस्तीस हजार बाजूला ठेवायलाही वेळ लागला असणार. पण तुमच्याच आकड्यांनी बघू. रोजचे दोनशे, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे ४,४०० रुपये. वरचे पंधरा हजार साडेतीन महिन्यांत वसूल होतात. उलट अठ्ठावीस हजारांची सायकल आठ महिन्यांत बंद पडली आणि तिची बॅटरी कुठेच मिळाली नाही, तर सगळेच गेले. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं असंच झालं. दुकान बंद झालं होतं, आणि बॅटरीचा आकार असा की दुसरी कुठलीही त्या खोबणीत बसेना. म्हणून खरेदीच्या दिवशीच विचारा, नवी बॅटरी सुटी मिळते का, आणि आज तिची किंमत किती. साधारण दहा-पंधरा हजार सांगतील. ते धरून महिन्याला चारशे रुपये वेगळे टाकत जा, तीन वर्षांनी ओझं वाटणार नाही.

वरचे पैसे जमेपर्यंत काय, हा प्रश्न राहतो. कुणाकडून साधी घडीची सायकल दोन आठवड्यांसाठी मागून घ्या. घेऊन पडून राहिलेल्या अशा सायकली पुण्यात पुष्कळ आहेत, सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. संध्याकाळी चांदणी चौकाचा चढ ढकलत चढा, बाकी सगळं चालवा. घडी घालण्याचा, तपासणीचा, गर्दीचा कंटाळा येतो का ते या दोन आठवड्यांत कळेल. आला, तर बॅटरी लावल्याने तो जाणार नाही. मग बिनघडीची, सुटी बॅटरी निघणारी साधी ई-सायकल घ्या. ती तुमच्या पस्तीस हजारांत बसते. ती वनाजला कुलूप लावून ठेवा आणि रामवाडीपुढे बस किंवा शेअर रिक्षा चालू ठेवा. निम्मा खर्च तरी वाचेल आणि चढाचा प्रश्न सुटेल.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रोज पावसापाण्यात, रात्री नऊला ऑफिसमधून निघायचं असतं तर मीही स्कूटरच सांगितली असती. पण बावधन ते खराडी स्कूटरने म्हणजे रोज पन्नास किलोमीटर, पूर्ण शहर आरपार, एक लिटरच्या वर पेट्रोल, आणि मेट्रोतला तो शांत पाऊण तास हातचा जाणार. तुम्ही मेट्रो 'छान' आहे असं लिहिलंय. ते सोडू नका. त्यांना सोबत घेऊन दुकानात जा. घडीचे जोड आणि ब्रेक त्यांना तपासू दे, त्यांची काळजी तिथे उपयोगी पडेल.

आणि तो मनातला प्रश्न. ताई, ज्या शहरात आपल्या आया आणि मावश्या सायकलवर शाळा-कॉलेजला, नोकरीला गेल्या, तिथे ४४ व्या वर्षी सायकलवर बसायला परवानगी कुणाची घ्यायची? ओढणी मात्र घरीच ठेवा, किंवा पाठीमागे गाठ मारून कमरेत खोचा. चाकात अडकली तर खरंच जीवावर बेतू शकतं. पूर्ण चेन कव्हर लावून घ्या, कायद्याने सक्ती नसली तरी हेल्मेट घाला, आणि रात्री मागे लाल दिवा असू दे.

वीस वर्षांनी बसणार आहात, तर पहिले दोन रविवार सकाळी सातच्या आधी बावधनच्या आतल्या गल्ल्यांत, बॅटरी बंद ठेवून चालवा. तोल परत यायला दोन दिवस पुरतात. ट्रायल मागाल तेव्हा दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर देतात, ती घेऊ नका. वनाजहून चांदणी चौकापर्यंत चढून बघायचंय असं सांगा, संध्याकाळी सहाला, तुमची रोजची ऑफिसची पिशवी पाठीवर घेऊन. जो दुकानदार एवढी ट्रायल देईल त्याच्याकडे पुढे सर्व्हिसलाही जाता येईल.